उशीर कुणाचा?

दिवाळीत ताडकळसला गेलो होतो. जुन्या माळवदाच्या खोलीतली पत्र्याची पेटी आवरायचं काम माझ्याकडे आलं आणि तिच्या तळाशी तात्यांची फाईल सापडली. तात्या म्हणजे माझे चुलते. छोटे गुत्तेदार. आमच्या मराठवाड्यात कंत्राटदाराला गुत्तेदारच म्हणतात. नाल्यावरची मोरी, समाजमंदिराची भिंत, शाळेची खोली... असली कामं करायचे.

फाईल १९९६ सालची. जवळच्या एका गावी शाळेच्या दोन खोल्या बांधायचं टेंडर तात्यांनी भरलं होतं. टेंडर उघडलं तेव्हा दर वाचून दाखवले, त्यात तात्यांचा सगळ्यांत कमी. घरी पेढे आले होते हे मला आठवतं. पुढे काम दुसऱ्यालाच मिळालं. का, ते कुणी सांगेना. तात्या त्या कार्यालयात खेटे घालत राहिले. कधी साहेब दौऱ्यावर, कधी फाईल वर गेलेली. चार महिन्यांनी एका ओळीचं पत्र आलं : अनुभवाचा दाखला जोडलेला नसल्याने आपली निविदा अपात्र. आणि फाईलीत त्याच्याच मागे टाचलेली पोहोच होती. तीवर कार्यालयाचा शिक्का, जोडलेल्या कागदांची यादी, आणि यादीत चौथ्या क्रमांकावर तोच दाखला.

परभणीचे वकील म्हणाले, "तात्या, केस चांगली हाय, पर उशीर झाला. तिथं स्लॅब पडायलाय. आता कोर्ट हात घालायचं न्हाई."

तात्या म्हणाले, "उशीर म्या केला का त्यांनी? मला कारणच आज कळालंय."

या प्रश्नाचं उत्तर तेव्हा कुणी दिलं नाही. मी मात्र अलीकडे थोडं वाचलं, आणि लक्षात आलं की आपल्या टेंडरच्या कायद्याचा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरतो आहे.

त्याची सुरुवात मुंबईच्या विमानतळावर होते, तीही एका उपाहारगृहापासून. जानेवारी १९७७ मध्ये विमानतळ प्राधिकरणाने एक दुय्यम दर्जाचं रेस्टॉरंट आणि दोन स्नॅक बार चालवायला देण्यासाठी निविदा मागवल्या. अट अशी की अर्जदार नोंदणीकृत दुय्यम दर्जाचा हॉटेलचालक हवा, पाच वर्षांचा अनुभव असलेला. काम मिळालं त्यांना कँटीन चालवायचा अनुभव होता, पण ती नोंदणी नव्हती. रमण दयाराम शेट्टी नावाचे गृहस्थ कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं साधं होतं : अट सैल होणार हे ठाऊक असतं, तर मीही टेंडर भरलं असतं.

४ मे १९७९ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. न्यायमूर्ती भगवतींनी लिहिलं की सरकारने स्वतः घातलेली अट सरकारलाही बांधील आहे, मर्जीप्रमाणे ती सोडता येत नाही. कायद्याचे विद्यार्थी आजही हा निकाल वाचतात. पण त्याच्या शेवटच्या पानांबद्दल फारसं बोललं जात नाही. शेट्टींना काहीच मिळालं नाही. त्यांनी स्वतः टेंडर भरलेलं नव्हतं, आणि दुसऱ्या कुणासाठी ते पुढे झाले आहेत असं न्यायालयाला दिसलं. शिवाय ते पाच महिन्यांहून अधिक उशिरा आले होते, आणि तोवर समोरच्याने सुमारे सव्वा लाख रुपये मांडामांडीवर खर्च केले होते. तत्त्व जिंकलं, माणूस हरला.

न्यायालयाची बाजूही समजून घ्यायला हवी. कोराडीजवळच्या खापरखेडा वीज केंद्राचं एक काम उच्च न्यायालयाच्या स्थगितीत अडकलं होतं. डिसेंबर १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती स्थगिती उठवली आणि बजावलं की एका कंपनीच्या भांडणासाठी सार्वजनिक काम थांबलं, तर वाढलेल्या खर्चाचा भार शेवटी लोकांवर पडतो. यात खोटं काही नाही. शाळेच्या खोल्या थांबल्या असत्या, तर पोरं आणखी एक पावसाळा गळक्या पत्र्याखाली बसली असती.

म्हणजे घाई हवीच. पण घड्याळ कधी सुरू करायचं?

बाहेरच्या देशांनी हे कसं सोडवलं ते बघा. अमेरिकेत हरलेल्याला बोलावून तो कुठे कमी पडला ते सांगतात. त्याला म्हणतात डीब्रीफिंग. ठरलेल्या वेळेत ते मागितलं आणि ते झाल्यावर पाच दिवसांत तक्रार दाखल झाली, तर काम आपोआप थांबतं. अगदीच निकड असेल तर खातं तशी लेखी कारणं देऊन ते चालू ठेवू शकतं. १९८४ च्या कायद्याने थांबवायची सोय केली, १९९४ च्या सुधारणेने ती डीब्रीफिंगला जोडली. युरोपात ऑस्ट्रियातल्या एका प्रकरणाचा निकाल १९९९ मध्ये लागला, आणि २००७ च्या निर्देशाने नियम पक्का झाला : हरलेल्यांना कारणांसह कळवायचं, मग किमान दहा दिवस करारावर सही करायची नाही. पाच दिवस काय, दहा दिवस काय, मुदत तशी कडकच. पण ती सुरू होते ती कारण हातात पडल्यावर.

आपल्या शेजारीही अशी सोय आहे. तामिळनाडूच्या १९९८ च्या कायद्यात आदेश मिळाल्यापासून दहा दिवसांत अपील करता येतं, कर्नाटकच्या १९९९ च्या कायद्यात तीस. महाराष्ट्रात असा स्वतंत्र कायदा झाला नाही, कारभार शासन निर्णय आणि नियमपुस्तिकांवर चालतो. देशासाठी २०१२ मध्ये लोकसभेत सार्वजनिक खरेदीचं विधेयक मांडलं गेलं, ते २०१४ मध्ये लोकसभेबरोबरच संपलं. केंद्राच्या २०१७ च्या वित्तीय नियमांनी एक चांगलं वाक्य आणलं : विचारणा झाली तर निविदा नाकारल्याचं कारण सांगितलंच पाहिजे. पण किती दिवसांत, ते त्या वाक्यात नाही. त्याच वर्षीच्या खरेदी पुस्तिकेत तक्रारीसाठी दहा दिवस दिले, आणि तेही निकाल जाहीर झाल्यापासून. कारण कळायला माहिती अधिकाराचा अर्ज करावा, तर २००५ च्या कायद्यात उत्तराला तीस दिवस. दहा दिवसांत तक्रार करायची आणि तिसाव्या दिवशी कारण कळायचं. तात्या असते तर हसले असते.

तात्यांच्या वेळी तर हेही नव्हतं. खंडपीठ मात्र जवळ आलं होतं. १९८१ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादला ते सुरू झालं नसतं, तर परभणीहून मुंबईची गाडी धरावी लागली असती. पण जवळच्या कोर्टातसुद्धा काहीतरी कारण हातात घेऊनच जावं लागतं ना?

तात्यांनी नंतर त्या कार्यालयाकडे टेंडर भरलं नाही. खोल्यांबद्दल विचारलं की म्हणायचे, "पोरांला खोल्या भेटल्या, ते बरं झालं." एवढंच. पण ती पोहोच त्यांनी शेवटपर्यंत जपून ठेवली.

पेटीतले बाकीचे कागद रद्दीत गेले. फाईल मी सोबत आणली आहे.