विचारलं तर ‘नाही’, दारात आलं तर ‘या, बसा’

ऑफिसात वर्षातून एकदा तरी तो फॉर्म येतोच. ‘पूर्णपणे सहमत’पासून ‘पूर्णपणे असहमत’पर्यंत पाच पर्याय, एकावर टिक करायचं आणि सुटायचं. ही पाच पायऱ्यांची शिडी अमेरिकेत रेन्सिस लिकर्टने १९३२ साली मांडली. माणसाचं मत आकड्यात पकडायची सोय झाली आणि प्रश्नावल्यांचा भाव वधारला.

त्याच काळात स्टॅनफर्डचा समाजशास्त्रज्ञ रिचर्ड लापिएर मात्र एक आडवा प्रश्न विचारत होता. कागदावर सांगतो तसाच माणूस वागतो का?

झालं असं, की १९३० च्या सुमारास तो एका तरुण चिनी विद्यार्थ्याबरोबर आणि त्याच्या बायकोबरोबर अमेरिकेत मोटारीने फिरत होता. चिनी मजुरांना देशात यायला बंदी करणारा १८८२ चा कायदा तेव्हा अजून लागू होता (तो थेट १९४३ मध्ये गेला). एका छोट्या गावातल्या सगळ्यात चांगल्या हॉटेलात मंडळी शिरली. लापिएरच्या मनात धाकधूक, पण खोली चटकन मिळाली! दोन महिन्यांनी त्याने तिथेच फोन करून एका चिनी गृहस्थांसाठी खोली मागितली. उत्तर स्वच्छ ‘नाही’.

मग पठ्ठ्याने हिशेबच ठेवायला सुरुवात केली. दोन वर्षं, सुमारे दहा हजार मैल, २५१ हॉटेलं आणि खानावळी. सामानाचं निमित्त काढून तो मागे रेंगाळायचा आणि बोलणी त्या दोघांनाच करू द्यायचा. आपल्यावर प्रयोग चालू आहे याचा त्यांना पत्ताही नव्हता. नकार किती वेळा मिळाला? फक्त एकदा.

भेटीनंतर सहा महिन्यांनी त्याने याच ठिकाणी प्रश्नावली पाठवली: चिनी लोकांना पाहुणे म्हणून घ्याल का? १२८ उत्तरं आली आणि त्यातली ९० टक्क्यांहून जास्त ‘नाही’! ‘हो’ म्हणणारी एकच बाई. ती तर वर लिहिते, की मागच्या उन्हाळ्यात एक छान चिनी जोडपं येऊन गेलं. १९३४ मध्ये हा निबंध छापून आला.

आता यात खोट काढता येते. पत्राला उत्तर देणारा मालक आणि काउंटरवरचा कारकून एकच असेल असं नाही. शिवाय पत्रातला ‘चिनी’ म्हणजे डोक्यातलं चित्र. दारात आलेलं जोडपं नीटनेटकं, हसतमुख आणि सोबत एक गोरा. पण लापिएरचा मुद्दा तोच तर होता! प्रश्नावली मोजते ते शब्दाला शब्दाने दिलेलं उत्तर.

पुढे आयझेन आणि फिशबाइन यांनी १९७७ मध्ये दाखवलं, की ठराविक कृतीबद्दल नेमकं विचारलं तर उत्तर आणि वागणं बरंच जुळतं. मोघम विचाराल तर मोघमच हाती येईल. आमच्या धंद्यातल्या रिक्वायरमेंटचंही हेच.

माझी झोप उडवतो तो मात्र उलटा प्रकार. मिलवॉकी शहरात डेव्हा पेजरने २००१ मध्ये नोकरीसाठी खोटे उमेदवार पाठवले. तुरुंगवासाची नोंद असलेल्या गोऱ्यांना १७ टक्के ठिकाणांहून बोलावणं आलं, काळ्यांना ५ टक्के. नंतर त्याच मालकांना फोनवर विचारलं, तर दोघांबद्दलची उत्तरं जवळपास सारखीच. लिंकन क्विलियनबरोबरचा तिचा हा निबंध २००५ चा.

१९३० च्या दशकात तोंडी ‘नाही’ होतं आणि दार उघडं. इथे तोंडी ‘हो’ आणि दार बंद. म्हणून कुठल्याही कंपनीचा ‘आमच्याकडे भेदभाव नाही’ म्हणणारा सर्व्हे दिसला, की मी एवढंच विचारतो: दारात कोण कोण आलं होतं, आणि आत किती जणांना घेतलं?