मामांची तेलाची पट्टी

परवा मावसभावाचा फोन आला. बोलता बोलता नानामामांचा विषय निघाला आणि नेहमीचं वाक्य आलंच, "तेल न बघता डोझर चालवला, म्हणून नोकरी गेली त्यांची." लहानपणापासून हेच ऐकत आलोय.

मी शाळेत इतिहास शिकवला, यंत्रं नाही. पण गेल्या महिन्यात एका निवृत्त डोझर मिस्त्रींशी गप्पा झाल्या आणि डोक्यात उजेड पडला. तेल बघण्यालाही इतिहास असतो!

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा अमेरिकन सैन्याने आपल्याकडे बरेच अवजड ट्रॅक्टर मागे ठेवले. सरकारने सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन काढून मध्य भारतातली कांस गवताने खाल्लेली जमीन त्यांच्याकडून खोल नांगरून घ्यायला सुरुवात केली. पुढे १९४९ साली जागतिक बँकेने याच कामाच्या यंत्रांसाठी १ कोटी डॉलरचं कर्ज दिलं. त्या काळच्या यंत्रांचा गिअरबॉक्स साधा. तळाशी तेल, त्यात दातेरी चाकं बुडालेली. तेल बघायची रीतही सोपी: सपाट जागा, इंजिन बंद, थोडं थांबायचं, मग पट्टी पुसून पुन्हा बुडवायची. मामा अशाच जुन्या यंत्रावर शिकले.

मग जमाना बदलला. हर्मान फ्योटिंगर नावाच्या जर्मन इंजिनियरने १९०५ साली जहाजांसाठी एक युक्ती शोधली होती, तेलाच्या प्रवाहातून ताकद पुढे पाठवायची. त्यातूनच टॉर्क कन्व्हर्टर आला. १९५०च्या दशकाच्या अखेरीस तो पॉवरशिफ्ट गिअरबॉक्सबरोबर मोठ्या डोझरांत बसू लागला. इथे तेल नुसतं वंगण नाही. तेच ताकद नेतं आणि तेच क्लचच्या प्लेटा दाबून धरतं. इंजिन चालू झालं की पंप तेल ओढून कन्व्हर्टर, क्लच, कूलर सगळीकडे भरतो, म्हणून तळाची पातळी उतरते. इंजिन बंद केलं की बरंचसं तेल खाली परत येतं.

म्हणून अशा बहुतेक यंत्रांत तेल बघायचं ते पातं जमिनीला टेकवून, ब्रेक लावून, न्यूट्रलमध्ये, इंजिन सावकाश चालू ठेवून आणि तेल गरम झाल्यावर. काही पट्ट्यांवर 'बंद' आणि 'चालू' अशा दोन वेगळ्या खुणाही असतात. इंजिन बंद ठेवून 'चालू'च्या खुणेपर्यंत तेल दिसलं, तर प्रत्यक्षात ते कमी असतं. मग पंप हवा ओढतो, दाब पडतो, प्लेटा घसरतात आणि जळतात. जास्त भरलं तरी पंचाईत, तेलाला फेस येऊन ते तापतं.

मामांना १९७१ साली एका धरणाच्या कामावर नव्या पद्धतीचा डोझर मिळाला. माहितीपुस्तक इंग्रजीत, तेही साहेबांच्या कपाटात. मामा चौथी पास. तीन महिन्यांत क्लच जळला. चौकशीत 'निष्काळजीपणा' असा शेरा पडला आणि मामा घरी आले. शेवटपर्यंत ते एकच सांगत, "रोज सकाळी इंजिन सुरू करायच्या आधी पट्टी बघायचो. भरलेली होती." कुणी विश्वास ठेवला नाही. खोटं कशाला सांगू, मीही नाही.

आता ते यंत्र नाही, कागद नाहीत आणि मामाही नाहीत. असंच घडलं अशी शपथ मी घेणार नाही. पण पट्टी भरलेली असणं आणि क्लच जळणं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे मला पन्नास वर्षांनी कळलं. रीत जुनी, यंत्र नवं आणि मधे सांगणारं कुणी नाही. वर्गात अशी किती मुलं मी 'लक्ष नाही' म्हणून बसवली असतील, कोण जाणे...

घरच्या मंडळींना एवढीच विनंती. पुढच्या वेळी विषय निघाला तर ते जुनं वाक्य नको. मामांनी तेल बघितलं होतं.