दाइकोन आरंभपट

दाइकोन आरंभपट हे जपानमधील ओसाका येथे भरलेल्या दोन विज्ञानकथा संमेलनांच्या उद्घाटनासाठी हौशी चाहत्यांनी तयार केलेले दोन लघु ॲनिमेशनपट आहेत. पहिला, ‘दाइकोन ३’, ऑगस्ट १९८१ मध्ये आणि दुसरा, ‘दाइकोन ४’, ऑगस्ट १९८३ मध्ये दाखवण्यात आला. प्रत्येकाची लांबी जेमतेम पाच-सहा मिनिटांची असून कथा केवळ चित्रे व संगीत यांच्या आधारे पुढे सरकते. हे पट तयार करणाऱ्या गटातून पुढे गायनॅक्स ही ॲनिमे निर्मितीसंस्था उभी राहिली, तर याच वर्तुळातील एका दुकानाने वंडर फेस्टिव्हल हा संग्राह्य प्रतिकृतींचा मेळा सुरू केला. दोन्ही पटांत इतर निर्मात्यांची शेकडो पात्रे आणि याने परवानगीवाचून वापरलेली आहेत. त्यामुळे ॲनिमेच्या इतिहासात सतत उल्लेख होणारी ही कलाकृती बाजारात मात्र जवळजवळ कधीच उपलब्ध नव्हती.

नाव

जपानचे राष्ट्रीय विज्ञानकथा संमेलन १९६२ पासून दरवर्षी वेगवेगळ्या शहरांत भरते आणि यजमान शहरावरून त्याला टोपणनाव मिळते. ओसाका या नावातील पहिल्या चित्राक्षराचा दुसरा उच्चार ‘दाइ’ असा होतो. त्याला ‘कन्व्हेन्शन’ या शब्दातील ‘कोन’ जोडून ‘दाइकोन’ हे नाव तयार झाले. जपानी भाषेत दाइकोन म्हणजे मुळा. आयोजकांनी हा श्लेष पुरेपूर वापरला असून दोन्ही पटांतील अंतराळयान मुळ्याच्याच आकाराचे आहे. नावापुढील आकडा ओसाकातील संमेलनांचा क्रम दाखवतो. देशपातळीवर ही संमेलने अनुक्रमे विसावी आणि बाविसावी होती.

दाइकोन ३

पाठीवर शाळेचे दप्तर घेतलेल्या एका लहान मुलीसमोर ‘अल्ट्रामॅन’ या दूरचित्रवाणी मालिकेतील विज्ञान गस्तीपथकाचे विमान उतरते. पथकातील माणसे तिच्या हाती पेलाभर पाणी देतात आणि ते मुळ्याला घालण्यास सांगतात. वाटेत रॉबर्ट हाइनलाइन यांच्या ‘स्टारशिप ट्रूपर्स’ या कादंबरीतील यांत्रिक चिलखत आणि जपानी चित्रपटांतील राक्षस तिच्यावर चालून येतात. मुलगी दप्तरातून क्षेपणास्त्रे सोडते, फूटपट्टीची प्रकाशतलवार करते. झटापटीत पाणी सांडते, पण पेल्याच्या तळाशी उरलेले थोडेसे पाणी सुकलेल्या मुळ्याला पुरते. मुळा फुगून अंतराळयान होतो आणि मुलगी त्यातून निघून जाते.

या पटाचे मुख्य काम ओसाका कला विद्यापीठातील तीन विद्यार्थ्यांनी केले. हिरोयुकी यामागा यांनी दिग्दर्शन व पार्श्वभूमी, हिदेआकी आन्नो यांनी यंत्रे, तर ताकामी अकाई यांनी पात्रे सांभाळली. संमेलनाच्या आयोजकांपैकी तोशिओ ओकादा आणि यासुहिरो ताकेदा यांनी त्यांना हाताशी धरले होते. आन्नो यांनी त्यापूर्वी कागदावर ॲनिमेशन केले होते. सेल, म्हणजे चित्र रंगवण्याचा पारदर्शक पत्रा, तिघांपैकी कोणीच हाताळलेला नव्हता.

व्यावसायिक सेल परवडण्यासारखे नव्हते. ओकादा यांनी नमुन्यादाखल एकच सेल विकत घेतला, तो ओसाकातील व्हिनाइल बनवणाऱ्या कारखान्यात नेऊन दाखवला आणि तशाच व्हिनाइलचा गुंडाळा स्वस्तात मिळवला. घरी त्याचे तुकडे कापण्यात आले. चित्रांचे कागद एकावर एक नेमके बसावेत म्हणून कचेरीतील भोके पाडण्याचे साधन वापरले गेले. या काटकसरीची किंमतही मोजावी लागली. रंगवलेले पत्रे थप्पीत ठेवले की एकमेकांना चिकटत आणि वाळल्यावर रंगाचे पोपडे निघत. काम ओकादा यांच्या घरातील एका रिकाम्या खोलीत चाले व चित्रीकरण ८ मिलिमीटर फिल्मवर झाले. पटातील हालचाल काही ठिकाणी अडखळते, रेषा डळमळते. तरी आन्नो यांच्या स्फोटांतील आणि उडणाऱ्या यंत्रांतील वजन त्या वयातील हौशी कामात सहसा आढळत नाही.

संमेलनाच्या अखेरीस गटावर कर्ज होते. ते फेडण्यासाठी पटाच्या फिल्मप्रती आणि व्हिडिओ चाहत्यांना विकण्यात आले. विक्री अपेक्षेपेक्षा जास्त झाली आणि उरलेल्या पैशातून पुढील कामाला भांडवल मिळाले. हीच विक्री पुढे अधिकारांच्या प्रश्नाच्या मुळाशी आली. संमेलनात एकदा दाखवलेली गंमत आणि पैसे घेऊन दिलेली प्रत यांत कायद्याच्या दृष्टीने मोठा फरक आहे.

दाइकोन ४

मधल्या दोन वर्षांत गटाने ‘दाइकोन फिल्म’ या नावाने जिवंत अभिनयाचे विडंबनपट काढले. आन्नो आणि यामागा यांनी तोक्योत ‘मॅक्रॉस’ या ॲनिमे मालिकेवर काम करून व्यावसायिक पद्धतीचा अनुभव घेतला. योशियुकी सादामोतो आणि माहिरो माएदा हे चित्रकारही गटात आले. हा फरक दाइकोन ४ मध्ये पहिल्या काही क्षणांतच जाणवतो.

सुरुवातीला आधीच्या पटाची कथा नव्याने, अधिक सफाईने रेखाटून थोडक्यात सांगितली आहे. त्यानंतर इंग्लिश वाद्यवृंद इलेक्ट्रिक लाइट ऑर्केस्ट्रा याचे १९८१ मधील ‘ट्वायलाइट’ हे गाणे सुरू होते आणि तीच मुलगी मोठी होऊन, सशाचे कान असलेल्या पोशाखात, राक्षसांच्या व यंत्रांच्या लोंढ्यात उडी घेते. ती डार्थ व्हेडरशी तलवारीने लढते आणि मायकल मूरकॉक यांच्या कादंबऱ्यांतील ‘स्टॉर्मब्रिंगर’ या तलवारीवर उभी राहून आकाशातून जाते. पडद्यावर एका क्षणी इतकी पात्रे असतात की चाहत्यांना ती ओळखण्यासाठी फिल्म थांबवून पाहावी लागते. पट तसाच पाहिला जावा अशी निर्मात्यांची अपेक्षा असावी.

शेवटच्या भागात निर्मनुष्य शहरावर अणुस्फोटासारखा स्फोट होतो, चेरीच्या पाकळ्यांचे वादळ सुटते, जमीन दुभंगते आणि त्यातून नवी हिरवी सृष्टी वर येते. कलावंत ताकाशी मुराकामी यांनी २००५ मध्ये न्यूयॉर्क येथे भरवलेल्या ‘लिटल बॉय’ या प्रदर्शनाच्या संदर्भात या दृश्याकडे युद्धोत्तर जपानच्या स्मृतीचे एक रूप म्हणून पाहिले. पटाचा एकूण सूर मात्र उत्सवाचा आहे. सर्व कथाविश्वांतील पात्रे अखेरीस एकाच मैदानात जमतात व त्यांत शत्रू-मित्र असा भेद राहत नाही.

प्रतिकृती आणि एक दिवसाचा परवाना

१९८२ मध्ये ओकादा, ताकेदा व त्यांच्या सहकाऱ्यांनी ओसाकात ‘जनरल प्रॉडक्ट्स’ हे विज्ञानकथाप्रेमींसाठीचे दुकान उघडले. तेथे गॅरेज किट विकले जात. खेळणी कंपन्यांच्या वस्तू मुलांसाठी असत आणि पडद्यावरील मूळ रूपाशी त्यांचे साम्य बेताचे असे. प्रौढ चाहत्यांना हवी असलेली नेमकी प्रतिकृती कोणी बनवत नसल्याने ते स्वतःच ती घडवू लागले. मूळ शिल्पावरून सिलिकॉनचा साचा काढून त्यात रेझिन ओतले जाते. ग्राहकाला सुटे, बिनरंगाचे भाग मिळतात. ते घासून, जोडून, रंगवणे हे त्याचे काम. साचा लवकर झिजतो, त्यामुळे एका साच्यातून थोड्याच प्रती निघतात.

या हौशी शिल्पकारांसाठी जनरल प्रॉडक्ट्सने वंडर फेस्टिव्हल सुरू केला. १९८४ च्या अखेरीस ओसाकात पूर्वतयारीचा मेळा झाला आणि १९८५ मध्ये तोक्योत पहिला महोत्सव भरला. दुसऱ्याच्या पात्राची प्रतिकृती विकण्याचा प्रश्न येथेही होताच. त्यावर ‘तोजित्सु हांकेन’ म्हणजे ‘त्या दिवसापुरता हक्क’ ही पद्धत रूढ झाली. विक्रेता मेळ्याच्या बराच आधी आयोजकांमार्फत हक्कधारकाकडे अर्ज करतो व नमुना तपासणीस देतो. मान्यता मिळाल्यास ती प्रतिकृती त्या एका दिवशी, त्या एकाच जागी विकता येते. उरलेला माल नंतर विकता येत नाही. त्यामुळे अनेक गॅरेज किटांचे बाजारातील आयुष्य काही तासांचे असते आणि पहाटेपासून लागणाऱ्या रांगांचे कारणही हेच आहे.

१९९२ मध्ये जनरल प्रॉडक्ट्स बंद झाले आणि महोत्सव काइयोदो या कंपनीकडे गेला. काइयोदोची सुरुवातही १९६४ मध्ये ओसाकाजवळील मोरिगुची येथील एका लहानशा मॉडेलच्या दुकानातून झाली होती. हा महोत्सव सध्या चिबा प्रांतातील माकुहारी मेस्से येथे वर्षातून दोनदा भरतो. मोठ्या कंपन्या आपल्या आगामी फिगर तेथेच प्रथम मांडतात, आणि अशा कंपन्यांतील अनेक शिल्पकार आधी हौशी टेबलामागे बसलेले असतात.

गायनॅक्स

डिसेंबर १९८४ मध्ये गटाने ‘ओनेआमिसचे पंख’ या चित्रपटासाठी गायनॅक्स ही कंपनी स्थापन केली. ‘गाइना’ हा अकाई यांच्या तोत्तोरी प्रांतातील बोलीचा शब्द असून त्याचा अर्थ ‘मोठा’ असा आहे. यामागा यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९८७ मध्ये प्रदर्शित झाला. त्याला पैसा बांदाइ या खेळणी कंपनीने पुरवला, जरी त्यातून खेळणी म्हणून विकण्याजोगे फारसे काही निघण्यासारखे नव्हते. १९९१ च्या ‘ओताकू नो व्हिडिओ’ मध्ये गायनॅक्सने स्वतःच्याच पूर्वेतिहासाची थट्टा केली. त्यातील नायक गॅरेज किटच्या धंद्यातून मोठा होतो. १९९५ मध्ये आन्नो यांची ‘निऑन जेनेसिस इव्हँजेलियन’ ही मालिका आली आणि तिच्या पात्रांच्या फिगरींनी संग्राहकांचा बाजार कितीतरी वाढवला. आन्नो यांनी २००६ मध्ये कारा ही स्वतंत्र संस्था काढली. गायनॅक्सने मे २०२४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला.

उपलब्धता

दोन्ही आरंभपटांची एक मर्यादित लेझरडिस्क निघाली होती. ती आज दुर्मीळ असून संग्राहक तिच्यासाठी मोठी किंमत मोजतात. ‘ट्वायलाइट’ गाण्याचे हक्क घेतलेले नसल्याने डीव्हीडीवर अधिकृत आवृत्ती निघू शकली नाही. चाहत्यांनी एकमेकांना उतरवून दिलेल्या व्हिडिओफितींमुळेच हे पट जपानबाहेर पोहोचले. २००५ मध्ये ‘देन्शा ओतोको’ या जपानी दूरचित्रवाणी मालिकेच्या शीर्षकदृश्यात तेच गाणे आणि सशाच्या पोशाखातील तशीच मुलगी दिसली. ज्या प्रेक्षकांनी मूळ पट कधीच पाहिला नव्हता, त्यांतील काहींची त्याच्याशी पहिली ओळख या दृश्यातून झाली.