उठवलेल्या कबरी



आमच्या गटातल्या निम्म्याहून जास्त बाया धरणग्रस्त घरातल्या. बचतीचा हिशोब झाला की बोलणं जुन्या गावावर जातंच. मागच्या बैठकीत एक आजी म्हणाल्या, "देव आणले, जातं आणलं, दाराची चौकटसुद्धा काढून आणली. माझं दहा दिवसांचं लेकरू मात्र ओढ्याकाठीच राहिलं." आपल्यात एवढ्या लहान जिवाला जाळत नाहीत, पुरतात. मोबदल्याच्या कागदात त्या जागेचा उल्लेख कुठून असणार? तेव्हा आम्ही त्यांना अमेरिकेतल्या एका धरणाची हकिकत सांगितली. तीच आज तुम्हाला सांगतो.

मॅसॅच्युसेट्स राज्यात बॉस्टन हे मोठं शहर. शहर वाढत गेलं, पाणी पुरेना. मग शंभरेक किलोमीटरवर, स्विफ्ट नदीच्या खोऱ्यात धरण बांधायचं ठरलं. १९२७ साली तसा कायदा झाला. डेना, एनफिल्ड, ग्रीनिच आणि प्रेस्कॉट ही चार गावं उठणार होती. माणसं सुमारे अडीच हजार.

आता या गावांमध्ये दीड-दोनशे वर्षांच्या दफनभूमी होत्या. हे पाणी लोकांच्या पिण्यात जाणार, म्हणून कबरी तिथे ठेवून चालणार नव्हतं. आणि आपली माणसं पाण्याखाली जावीत असं कुणाला वाटेल? सरकारनं वेअर गावाजवळ नवी दफनभूमी तयार केली, क्वाबिन पार्क नावाची. एकेक कबर उघडून आतले अवशेष आणि वरचा नावाचा दगड हलवला. सगळ्यांची नोंद झाली. एकूण ७,६१३ कबरी. त्यातल्या ६,५५१ नव्या जागी गेल्या, १,०६२ दुसऱ्या दफनभूमींमध्ये. लढाईत गेलेल्या शिपायांची गावोगावची स्मारकंसुद्धा नव्या दफनभूमीत नेली. म्हणजे जिवंत माणसं उठली त्याच्या तिप्पट मेलेली उठली.

पण सगळं चांगलंच झालं असं समजू नका. मेलेल्यांना चारही गावांची मिळून एक जागा मिळाली. जिवंतांसाठी कुणी नवं गाव वसवलं नाही. जमिनीचे पैसे घेऊन ज्याला जिथे जमेल तिथे तो गेला. आमच्याकडे नेमकं उलटं झालं. आम्हाला नवीन गावठाण मिळालं, शेजारीण शेजारीच राहिली, मेलेले तेवढे मागे राहिले.

२७ एप्रिल १९३८ च्या रात्री एनफिल्डच्या सभागृहात निरोपाचा नाच झाला. मध्यरात्री बाराच्या ठोक्याला चारही गावं कागदावरून संपली. लोक रडत होते म्हणतात. आम्हाला ते वाचून आमच्या गावच्या शेवटच्या जत्रेचं ऐकलेलं सगळं आठवलं. १९३९ मध्ये पाणी अडवलं, धरण भरायला १९४६ उजाडलं.

यातलं डेनाचं मधलं गावठाण तर बुडालंच नाही. ते उंचावर आहे. तरी पाणी स्वच्छ राहावं म्हणून भोवतालची वस्ती हटवली, तिथल्या कबरीही उचलल्या. आज तिथे घरांच्या तळघरांचे खड्डे दिसतात, वर झाडी वाढलेली. तिथल्या जुन्या रहिवाशांची कुटुंबं तिथे जमत आली आहेत. पूर्वजांचं दर्शन घ्यायचं तर मात्र क्वाबिन पार्कला जावं लागतं.

हे ऐकून आजींनी एकच विचारलं, "त्या यादीत लहान लेकरं होती का गं?"

होती. दफनभूमीत लहानमोठे सगळेच होते.

मग आम्ही गटाच्या इतिवृत्ताच्या वहीत मागची चार पानं सोडली. जुन्या गावात कोणाचं कोण पुरलं आहे, कुठल्या झाडाजवळ, कुठल्या बांधाला, ते एकेक जण सांगते आणि आम्ही लिहितो. आतापर्यंत चौदा नोंदी झाल्या. आजींच्या लेकराचं बारसं झालं नव्हतं, त्यामुळे नाव नाही. आजींचं नाव लिहिलं आणि पुढे लिहिलं: मुलगी, दहा दिवसांची, ओढ्याकाठी, करंजाखाली.