दिघी: बदलीच्या हुकुमांनी घडलेले उपनगर

पुण्याहून आळंदीला निघाले की विश्रांतवाडीच्या पुढे दिघी लागते. हवेली तालुक्यातले हे गाव ११ सप्टेंबर १९९७ रोजी पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत सामील झाले. त्याआधी कारभार ग्रामपंचायतीचा होता. आज इथल्या सोसायट्यांच्या नामफलकांवर मराठी आडनावांच्या शेजारी सिंग, नायर, यादव, थापा अशी आडनावे सहज सापडतात. पिंपरी-चिंचवडच्या बहुतेक भागांत परप्रांतीय आले ते कारखान्यांमागे. दिघीचा क्रम वेगळा आहे. इथे आधी संरक्षण खाते आले, त्याच्या मागोमाग निवृत्तीवेतन आले आणि कारखान्यांतली माणसे त्यानंतर राहायला आली. या क्रमाची खूण वस्तीवर अजून आहे.

मूळ गाव शेतकऱ्यांचे. टेकडीवर दत्ताचे स्थान, खाली शिवार, आणि गावाशेजारून आळंदीची वाट. ज्ञानेश्वरांनी १२९६ मध्ये आळंदीला समाधी घेतली, तेव्हापासून या वाटेवर यात्रेकरूंची वर्दळ असली पाहिजे. पालखी सोहळ्याचे आजचे रूप एकोणिसाव्या शतकातले. हैबतबाबा आरफळकरांनी १८३० च्या सुमारास ज्ञानेश्वरांच्या पालखीची स्वतंत्र परंपरा सुरू केली आणि अंकलीच्या शितोळे सरदारांनी तिला घोडे दिले. तुकोबांची पालखी आकुर्डी-पिंपरीकडून पुण्यात उतरते, माउलींची वडमुखवाडीच्या थोरल्या पादुकांवरून दिघीमार्गे जाते. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातल्या, नाना जातींच्या दिंड्या वर्षातून एकदा या गावावरून जातात. पण त्या मुक्कामाला थांबत नाहीत. वारीने दिघीला परक्यांची सवय लावली, शेजारी मात्र दिले नाहीत. ते काम लष्कराचे.

५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली, पेशवाई संपली आणि खडकीत इंग्रजांची छावणी वसली. बॉम्बे सॅपर्स या अभियांत्रिकी पलटणीने पुढे तिथेच आपले मुख्य ठाणे केले, आणि १८६९ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. स्फोटक माल साठवायचा तर तो वस्तीपासून दूर हवा, आणि त्या काळी खडकीच्या ईशान्येला माळराने होती. दिघीजवळच्या दारूकोठाराचे नाव रस्त्यालाही चिकटले; बसचे वाहक आजही ‘मॅगझीन’ असाच पुकारा करतात. स्वातंत्र्यानंतर ही साखळी लांबली. रुरकीत सुरू झालेली लष्करी अभियांत्रिकीची शाळा १९४८ मध्ये दापोडीला आली आणि पुढे कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंग (सीएमई) म्हणून ओळखली जाऊ लागली. १९६२ मध्ये आळंदी रस्त्यावर संरक्षण संशोधन संघटनेची अभियांत्रिकी प्रयोगशाळा सुरू झाली. ‘सर्वत्र’ हा लष्करी पूल आणि पिनाका अग्निबाणाचा प्रक्षेपक या कामांशी तिचे नाव जोडलेले आहे. १९९४ मध्ये लष्करी जवान-अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी निघाली आणि दिघीच्या टेकड्यांवर वसली. देशाच्या कुठल्याही राज्यात घर असलेला विद्यार्थी इथे शिकायला येतो.

या लष्करी संस्थांच्या कुंपणांच्या आत विविधता नियमाने येते. भरतीची प्रथा प्रांत आणि समाज पाहून ठरलेली होती. बॉम्बे सॅपर्समध्ये मराठे, शीख आणि मुसलमान असे गट फार पूर्वीपासून होते, आणि फाळणीने ती घडण बदलली तरी मराठे आणि शीख जवान राहिलेच. सीएमईसारख्या संस्थेत तर सगळ्या प्रांतांचे अधिकारी शिकायला येतात आणि थोड्या काळाने बदलून जातात. धर्माचीही सोय खातेच करते. पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री हे लष्करात धर्मशिक्षक म्हणून रीतसर नेमलेले असतात, त्यांना कनिष्ठ अधिकाऱ्याचा हुद्दा मिळतो. अनेक तुकड्यांत ‘सर्व धर्म स्थळ’ म्हणून एकाच छपराखाली सगळ्यांची प्रार्थनास्थाने असतात. दिवाळी, गुरुपर्व, ईद, नाताळ हे सण तिथे तुकडीचे सण. नागरी भारतात यासाठी समित्या आणि शांतता बैठका भरवाव्या लागतात. छावणीत ते दैनंदिन आदेशात बसते. यात शिस्तीचा वाटा मोठा आहे, उदारतेचा किती, हे सांगणे अवघड. पण लहानपणी हे पाहिलेल्या मुलांच्या दृष्टीने ते सामान्य जीवन होते. शाळाही तशीच. बदलीच्या नोकरीतल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी १९६३ पासून निघालेल्या केंद्रीय विद्यालयांत सगळे प्रांत एका वर्गात बसतात आणि मधल्या सुट्टीची भाषा आपसूक हिंदी होते.

कुंपणाबाहेर हे सारे कसे उमटले ते पाहायला शेजारची दोन ठिकाणे उपयोगी पडतात. पिंपरीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची छावणी झाली आणि तिथे एक समाज एकगठ्ठा, आपल्या देवळांसह आणि बाजारपेठेसह वसला. देहूरोडलाही लष्करी डेपो. पण तिथल्या इतिहासातली मोठी तारीख २५ डिसेंबर १९५४ ही आहे. त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, नागपूरच्या धम्मदीक्षेच्या जवळपास दोन वर्षे आधी. पिंपरीला फाळणीने आणि देहूरोडला बौद्ध चळवळीने अशी ठळक ओळख दिली. दिघीत एकगठ्ठा कोणी आले नाही. एकेक कुटुंब आले, प्रत्येक वेगळ्या जिल्ह्यातून, आणि त्यामुळे या उपनगराला कोणत्याही एका समाजाचे म्हणता येत नाही.

ती कुटुंबे मुख्यतः निवृत्त सैनिकांची आणि संरक्षण खात्यातल्या नागरी कर्मचाऱ्यांची. सुभेदार किंवा हवालदार नोकरीच्या अखेरीस खडकी-दापोडीत असला की निवृत्तीनंतर गावी परतण्याऐवजी इथेच जागा पाहतो. कारणे साधी आहेत: खडकीचे लष्करी रुग्णालय, कॅन्टीन, मुलांची अर्धवट राहिलेली शाळा, पुण्याची हवा. २००३ मध्ये माजी सैनिकांसाठी आरोग्य योजना सुरू झाली आणि रुग्णालयाजवळ राहण्याला आणखी एक कारण मिळाले. सातारा-सांगलीचे जवान, पंजाब-हरियाणाचे, केरळचे, उत्तराखंडचे असे सगळे फंड आणि ग्रॅच्युइटीच्या रकमेत एक-दीड गुंठा घेऊ लागले. शेतकरी विकायला तयार होते. शहर जवळ आले होते आणि शेतीचा भरवसा कमी होत होता. सातबारावर अनेक नावे, अरुंद गल्ल्या, बिगरशेती परवान्याशिवाय उठलेली बैठी घरे: अशा गुंठेवारीतून परांडेनगर, भारतमाता नगर, साई पार्क अशा वस्त्या भरल्या. भारतमाता नगर हे नाव ठेवणाऱ्यांच्या मनात काय होते ते वेगळे सांगायला नको. राज्याने २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला, पण दिघीच्या बऱ्याच भागाला त्याचा उपयोग मर्यादितच.

याचे कारण रेड झोन. १९०३ च्या संरक्षण कार्य कायद्याने दारूगोळ्याच्या कोठारांभोवती ठरावीक अंतरात बांधकामावर बंदी घालता येते, आणि दिघीच्या मॅगझीनभोवती असा पट्टा आहे. दिघी, भोसरी, वडमुखवाडीचा काही भाग त्यात सापडतो. या बंदीचा वस्तीवर झालेला परिणाम कायदा करणाऱ्यांच्या ध्यानीमनी नसेल. जिथे बांधकाम अधिकृत होत नाही तिथे जमीन स्वस्त राहते, गृहकर्ज मिळत नाही, आणि मोठा बिल्डर फिरकत नाही. मग तिथे येतो भोसरी एमआयडीसीत काम करणारा मराठवाड्याचा, खानदेशाचा, उत्तर प्रदेश-बिहारचा कामगार: आधी भाडेकरू म्हणून, मग अर्ध्या गुंठ्याचा मालक म्हणून. पट्ट्याबाहेर लिफ्टच्या इमारती, पट्ट्यात पत्र्याची आणि स्लॅबची दाटी. दिघीत आर्थिक थरांची सीमा अशी दारूकोठाराच्या अंतराने आखली.

२००० नंतर तिसरी लाट आली. चाकणला बजाजपाठोपाठ मर्सिडीज-बेंझ, फोक्सवॅगन, महिंद्र आले. नोकरीचा परीघ वाढला आणि लोहगाव विमानतळ व चाकण यांच्या मध्ये पडणाऱ्या दिघी, चऱ्होली, मोशी या पट्ट्यात मोठ्या गृहसंकुलांची रांग लागली. २००१ मध्ये दहा लाखांच्या आसपास असलेली महापालिकेची लोकसंख्या २०११ मध्ये सव्वासतरा लाखांवर गेली. या संकुलांत अभियंते आणि बँकवाले राहतात. त्यांची विविधता सैनिकांहून वेगळी. प्रांत सगळे, पण उत्पन्न एकच. गणपती सगळ्यांचा, ओणम आणि दुर्गापूजा त्या-त्या मंडळींची, आणि छठला उत्तर भारतीयांची गर्दी मोशीच्या इंद्रायणी घाटावर. निगडी प्राधिकरणाने १९७२ पासून आखणी करून जे सुबत्तेचे उपनगर केले, ते दिघीत आखणीविना आणि तुकड्या-तुकड्यांनी घडले. नव्या फ्लॅटच्या किमतीने जी निवड होते ती धर्म उघडपणे विचारत नाही; भाड्याने घर देताना मात्र मालक आडनाव आणि आहार विचारतात, हे पुण्याच्या उपनगरांत सर्रास ऐकू येते. लष्करी वसाहतीत घर हुद्द्यावर मिळते, त्यामुळे हा प्रश्नच उद्भवत नाही. दोन्ही व्यवस्था एका रस्त्याच्या दोन बाजूंना आहेत.

लष्कर आणि गाव यांचे संबंध नेहमी गोड राहिले असेही नाही. शेजारच्या बोपखेलचा सीएमईच्या हद्दीतून जाणारा रस्ता २०१५ मध्ये बंद झाला, गावकरी रस्त्यावर उतरले, आणि पुढे खडकीच्या बाजूला मुळा नदीवर पुलाचा पर्याय पुढे आला. दिघीत त्या तोलाचा संघर्ष झाला नाही, कारण इथल्या मतदारांत माजी सैनिकच मोठ्या संख्येने आहेत आणि रेड झोनमधल्या घरांचे मालकही त्यांच्यातच सापडतात. कोठार हलवावे किंवा पट्टा कमी करावा, ही मागणी महापालिकेच्या प्रत्येक निवडणुकीत निघते. १५ ऑगस्ट २०१८ रोजी पिंपरी-चिंचवडचे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय सुरू झाले आणि दिघीचे पोलीस ठाणे पुणे शहराकडून त्याच्याकडे गेले. रस्ता, पाणी आणि पोलीस आता एका शहराचे आहेत. जमिनीवर काय बांधायचे, हे रेड झोनमध्ये संरक्षण खातेच ठरवते.