बाटली क्रमांक ५३-एन

प्लेग म्हटलं की आपल्याला शाळेतलं आठवतं. पुण्याचा रँड, चाफेकर बंधू, रुग्णसेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी गेलेल्या सावित्रीबाई. आपल्या भागाचा संबंध रेल्वेमुळे. मुंबईहून निघालेली गाडी घाटाकडे लागण्याआधी कल्याण जंक्शनवर प्रवाशांची तपासणी होई. हा सगळा प्लेगचा रस्त्यावरचा इतिहास झाला. आज मला बोलायचंय ते प्रयोगशाळेबद्दल, आणि तिथल्या एका चुकीचा शोध कसा घेतला गेला त्याबद्दल.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. पुढच्याच महिन्यात वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले. जन्म ओडेसाचा, काम पॅरिसच्या पाश्चर संस्थेतलं, आणि भारतात कॉलऱ्याची लस टोचत हिंडलेले. ग्रँट मेडिकल कॉलेजात थोडीशी जागा मिळाली, तेवढ्यात त्यांनी काम मांडलं.

प्रश्न असा होता, की प्लेगचे जंतू भरपूर वाढवायचे, पण दुसरं काही त्यात शिरलं तर कळलंही पाहिजे. हाफकिननी मांसाच्या पाण्यात जंतू सोडले आणि वर तुपाचे थेंब तरंगत ठेवले. हो, आपलं तूप! जंतू तुपाला धरून खाली लोंबत वाढत, वडाच्या पारंब्यांसारखे. भांडं हलवलं की पारंब्या तळाशी पडत, वर नव्या फुटत. ही वाढ प्लेगच्या जंतूची खूण, म्हणजे एकाच युक्तीत उत्पादनही आणि पारखही. काही आठवड्यांनी उष्णतेनं जंतू मारायचे आणि थोडं कार्बोलिक आम्ल घालायचं. १० जानेवारी १८९७ ला पहिली लस त्यांनी स्वतःलाच टोचून घेतली. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली.

आता १९०२. पंजाबात प्लेग, लशीची मागणी प्रचंड. घाईच्या त्या काळात हाफकिननी कार्बोलिक गाळलं आणि भर उष्णतेवर ठेवला. ३० ऑक्टोबरला मुलकोवाल गावात १०७ जणांना लस टोचली. त्यांतल्या १९ जणांना पुढे धनुर्वात झाला आणि ते एकोणीसच्या एकोणीस गेले. सगळ्यांची लस एकाच बाटलीतली, क्रमांक ५३-एन. बाकीच्यांना काही झालं नाही. कुणाला कुठल्या बाटलीतली लस दिली याची नोंद होती, म्हणून एवढं तरी कळलं. डोंबिवली-अंबरनाथच्या औषध कंपन्यांत काम केलेली मंडळी इथे असतील. बॅच नंबर का लिहायचा, हे त्यांना सांगायला नको.

चौकशी आयोग बसला. अध्यक्ष मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स. निष्कर्ष असा, की बाटली उघडण्याआधीच, म्हणजे परळलाच, दूषित झाली होती. कार्बोलिक गाळल्याचा ठपकाही आलाच. हाफकिन पदावरून दूर झाले.

आमच्या न्यायशास्त्रात याला काकतालीय म्हणतात. कावळा बसायला आणि ताडाचं फळ पडायला एकच गाठ पडली, म्हणून कावळ्यानं फळ पाडलं असं होत नाही. पद्धत बदलली, नंतर माणसं मेली, एवढ्यानं कारण सिद्ध झालं का? माझ्या मते आयोग इथे फार लवकर थांबला. कार्बोलिक त्या प्रमाणात धनुर्वाताचे बीजाणू मारतच नाही. ते असतं तरी बीजाणू जिवंत राहिले असते.

दुसरी शक्यता मुलकोवालमध्येच होती. बूच काढायचा चिमटा सहायकाच्या हातून जमिनीवर पडला होता. तो ज्वाळेत न धरता कार्बोलिकच्या पाण्यात बुडवून वापरला गेला. धनुर्वाताचे बीजाणू मातीत असतात. मग निवाडा कसा करायचा? प्रत्येक शक्यता खरी मानून पाहायची, की तसं असतं तर आणखी काय काय दिसलं असतं. जंतू परळला शिरले असते, तर बंद बाटलीत हवेविना आठवडेच्या आठवडे वाढले असते. बाटली उघडताच घाण वास आला असता. तसा वास आला नव्हता. शिवाय आत विष आधीच साठलेलं असतं, तर लक्षणं दिसायला आठवडाभर लागला नसता. या दोन्ही गोष्टी चिमट्याच्या बाजूनं जातात. आपल्याकडे ज्याला तर्क म्हणतात, तो हाच: कारण असतं तर कार्य दिसलं असतं, कार्य दिसत नाही.

जुलै १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर नऊ शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून ही बाजू मांडली. मलेरियाचा डास शोधणारे हेच ते रॉस. सरकारनं हाफकिनना परत बोलावलं, पण कलकत्त्याला. परळची प्रयोगशाळा त्यांच्या हाती पुन्हा आली नाही. १९२५ मध्ये तिला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळालं, तेव्हा ते युरोपात होते. १९३० मध्ये लोझान इथे ते वारले.