चपट्या तारा आणि ताडदेवचा आवाज

मध्यंतरी लालबागला राहणाऱ्या भाच्यासोबत धोबी तलावला गेलो होतो. पोरगा एका ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. गणपतीत अभंग आणि जुनी फिल्मी गाणी, उरुसाच्या दिवसांत कव्वाली, लग्नसराईत लोक सांगतील ते. त्याला तारा बदलायच्या होत्या. दुकानदाराने विचारलं, “राउंड का फ्लॅट?” भाच्याने लगेच राउंड मागितल्या. फ्लॅट का नको, असं विचारलं तर म्हणाला, “मामू, त्या म्हाताऱ्यांच्या तारा. मेल्यासारख्या वाजतात.”

ज्या आवाजाला तो मेलेला म्हणत होता, त्याच आवाजावर त्याच्या ऑर्केस्ट्राची अर्धीअधिक गाणी उभी आहेत. हे त्याला दुकानात सांगणं शक्य नव्हतं, म्हणून इथे लिहितोय.

बेसची तार म्हणजे मधोमध पोलादी गाभा आणि त्यावर गुंडाळलेली दुसरी तार. वरची तार गोल असेल तर तिला राउंडवाउंड म्हणतात. तिच्यावर स्क्रूच्या आट्यांसारखे खाच-उंचवटे राहतात. बोट सरकलं की खर्रकन आवाज येतो आणि स्वर पियानोसारखा खणखणीत निघतो. फ्लॅटवाउंडवर गोल तारेऐवजी चपटी पट्टी गुंडाळतात. हाताला ती काचेसारखी गुळगुळीत लागते. तिचा स्वर जाड, गोलसर, थोडा दबका असतो आणि लवकर विरतो.

सुरुवातीला राउंड-फ्लॅट असा प्रश्नच नव्हता. लिओ फेंडर यांनी कॅलिफोर्नियात १९५१ साली प्रिसिजन बेस बाजारात आणली ती फ्लॅटवाउंड तारांसकट. तिचे गिऱ्हाईक होते उभी डबल बेस वाजवणारे. त्यांच्या हाताला आतड्याच्या तातीची सवय होती, त्यांना खरखरीत तार कशी रुचणार? डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीसाठी शेकडो गाण्यांत बेस वाजवणारे जेम्स जेमर्सन ला बेला कंपनीच्या जाडजूड फ्लॅटवाउंड तारा लावत आणि तुटल्याशिवाय बदलत नसत. चित्र बदललं ते इंग्लंडमध्ये. ‘द हू’ या बँडच्या जॉन एन्टविसल यांना बेस मागे दडलेली नको होती, पुढे यायला हवी होती. त्यांच्या सोबतीने १९६६मध्ये रोटोसाउंडने राउंडवाउंडचा संच तयार केला आणि रॉकवाल्यांनी तो उचलून धरला. आज दुकानात ‘नेहमीच्या तारा’ म्हणून मिळतात त्या याच.

आपल्या मुंबईत या तारा आल्या तेव्हा गाणं कसं तयार होत होतं, ते आधी पाहू. फुर्टाडोचं वाद्यांचं दुकान १८६५पासूनचं. त्याच धोबी तलावच्या परिसरात गोव्याच्या गावागावांचे ‘कूड’ होते. बोटीवर जाणारे खलाशी आणि नोकरीच्या शोधात आलेले वादक तिथे एकाच छताखाली झोपत. चर्चच्या शाळेत नोटेशन शिकलेले हे गोवेकर आधी हॉटेलांच्या जॅझ बँडमध्ये आणि मग फिल्मी ऑर्केस्ट्रात शिरले. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा ही त्यातली मोठी नावं. दुसऱ्या बाजूने आले घराण्यांतले सारंगिये, सतारिये, तबला-ढोलकवाले. त्यात मुस्लिम मोठ्या संख्येने होते. नौशाद यांनी ‘आन’साठी (१९५२) शंभर वादक एकत्र बसवले, ते या दोन्ही गोटांतून.

ताडदेवचं फिल्म सेंटर, महालक्ष्मीचं फेमस, परळचं राजकमल. सगळं दोन-चार किलोमीटरच्या पट्ट्यात. ध्वनिमुद्रण एका दमात होई. गायकासह सगळे एकाच वेळी वाजवणार आणि कुणी चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. अशा वेळी बेसच्या तारेवर बोट घासल्याचा आवाजही पिकअपमधून थेट फितीवर जाणार. गुळगुळीत तारेचा पहिला फायदा हा.

मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो डग्ग्याचा मुद्दा. पाश्चात्त्य बँडमध्ये खालची पट्टी बेस आणि मोठा ड्रम वाटून घेतात. आपल्याकडे तिथे आधीच डग्गा आणि ढोलकाची धुमी बसलेली असते आणि ती नुसती ठोकत नाही, घुमते, मींड घेते. तिच्याखाली लांबवर झणझणत राहणारी बेस ठेवली तर दोघांचा चिखल होतो. फ्लॅटवाउंडचा स्वर ‘धप्’ करून येतो आणि डग्ग्याला जागा करून देत विरतो. शिवाय त्या तारेवर बोट सरकवून स्वर गाठता येतो. सारंगियाही तातीवर नखाच्या कडेने असाच सरकत जातो. पंचम, म्हणजे आर. डी. बर्मन यांच्या गाण्यांत बेस किती ठिकाणी अशी सरकत जाते, ते एकदा हेडफोन लावून ऐका. त्यांच्या चमूत बेस वाजवायचे टोनी वाझ. तालाची बाजू आपल्या मारुतीराव कीर यांच्याकडे असे.

आणि ऐकणारे कशावर ऐकत होते? फिल्मच्या कडेवर छापलेला ध्वनी थिएटरात पोहोचेपर्यंत साधारण आठ हजार हर्ट्झच्या वरचं सगळं गळून जाई. राजकमलमध्ये मंगेश देसाई यांच्यासारखा कसबी माणूस मिश्रणाला बसलेला असला, तरी त्यांनाही याच मर्यादेत काम करावं लागे. घरी ट्रान्झिस्टरचा वितभर स्पीकर. राउंडवाउंडची चमक वाटेतच हरवणार होती. पोहोचणार होता तो मधला जाड ठोका.

एक कारण मात्र निव्वळ खिशाचं. आयातीवर निर्बंध होते. चांगली परदेशी तार हवी तर बोटीवरच्या ओळखीच्या माणसाला सांगून ठेवायचं. त्यात मुंबईची हवा! राउंडवाउंडच्या खाचांत घाम आणि मळ साचतो. पावसाळ्यात तर काही आठवड्यांतच तिचा खणखणाट जातो. मग ती पाण्यात उकळून पुन्हा चढवायची. फ्लॅटवाउंडला खाचाच नाहीत, ती वर्षानुवर्षं टिकते. रोजंदारीवर वाजवणाऱ्याला याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नसे.

जेमर्सन आणि त्यांच्या साथीदारांची नावं मोटाउनने पहिल्यांदा छापली ती १९७१मध्ये, मार्विन गे यांच्या अल्बमवर. तोवर दहाएक वर्षं त्यांचा आवाज घरोघरी वाजत होता. आपल्याकडे रेकॉर्डच्या वेष्टनावर गायक, गीतकार, संगीतकार असत. वादक सहसा नसत. ग्रेगरी बूथ यांनी या वादकांना गाठून, बोलतं करून २००८ साली ‘बिहाइंड द कर्टन’ हे पुस्तक काढलं, तेव्हा त्यातले बरेच जण थकले होते. हे काम एका परदेशी अभ्यासकाने करावं, याची मला लाज वाटते. ‘हिंदी सिनेमातलं मुस्लिम योगदान’ म्हणून आपण नौशाद, रफी, साहिर, मजरूह अशी यादी लिहितो. मीही लिहिली आहे. त्या यादीत ढोलकवाला नसतो. गुलाम मोहम्मद आठवतात तेही ‘पाकीझा’चे संगीतकार म्हणून. नौशादांकडे ते ढोलक आणि तबला वाजवत, हे किती जणांना ठाऊक आहे? आणि ‘पाकीझा’ १९७२मध्ये पडद्यावर आला, त्याच्या चार वर्षं आधीच ते वारले होते.

तर भाच्याला मी फ्लॅट घ्यायला लावल्या. पैसे जास्त पडले. दुकानदाराने नीट समजावलं, ते इथे नोंदवतो. ४५ ते १०५ जाडीचा संच नेहमीचा. जेमर्सनसारखा ५२ ते ११०चा घेतला तर ताण खूप येतो, बोटं सोलतात आणि जुन्या गिटारची मान वाकू शकते. कुठलाही संच घ्या, चढवल्यावर मानेतली सळई तपासून घ्यायची. पहिले काही दिवस नव्या फ्लॅटलाही थोडी चमक असते, ती जाईपर्यंत दम धरायचा. अंगठ्याने तार आपटून वाजवायची असेल तर मात्र या तारा घेऊच नयेत.

पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. कव्वालीच्या कार्यक्रमात ढोलकवाल्या चाचांनी मध्येच वळून पाहिलं आणि नंतर विचारलं, “आज तू कुठे बसला होतास? मला माझा हात ऐकू येत होता.” भाचा खूश होता. पण दुसऱ्याच दिवशीच्या हळदीत पोरांनी डिस्कोची गाणी मागितली, तिथे त्याची पंचाईत झाली.

“मामू, दुसरी बेस घ्यावी लागणार,” म्हणाला. “हिला आता मी हात लावत नाही.”